कोड तोच, मग डेटा कचरा का? डीएमए आणि मेमरीची जागा

डिप्लोमाची मुलं प्रोजेक्टला बहुधा फ्रीआरटीओएस आणि एसटीएम32 घेतात. मग कुणीतरी सुचवतं, "हेच रास्पबेरी पायवर लिनक्समध्ये करा." सी भाषेतला कोड थोड्याफार बदलांनी कंपाइल होतो, आणि सेन्सरच्या आकड्यांऐवजी कचरा येतो. घरी वाटतं पोराने अभ्यास केला नाही, आपण म्हणतो बोर्ड खराब. बरेचदा दोन्ही चूक.

डीएमए म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता थेट रॅममध्ये माल उतरवणारा हमाल. त्याला फक्त पत्ता द्यायचा. एसटीएम32एफ407 वर मॅलॉकने दिलेला पत्ता हाच खरा पत्ता असतो, आणि रॅमला कॅशही नसते. त्यामुळे मुलांना सवय लागते: बफर घ्या, पॉइंटर डीएमएला द्या. (तिथेही एक खड्डा आहेच. 192 केबी रॅमपैकी 64 केबी सीसीएमपर्यंत डीएमए पोहोचतच नाही.)

लिनक्समध्ये मॅलॉकचा पत्ता आभासी. मागची 4 केबीची पानं रॅममध्ये कुठेही विखुरलेली असू शकतात. प्रोसेसरला एमएमयू ती जुळवून देतं. हमालाकडे तो नकाशा नाही.

दुसरी अडचण कॅशची. समजा, शिक्षकाने गुणांची दुरुस्ती स्वतःच्या टिपणवहीत केली आणि क्लार्कने ऑफिसातलं रजिस्टर वाचून निकाल लावला. वही म्हणजे कॅश, रजिस्टर म्हणजे रॅम, क्लार्क म्हणजे डीएमए. उलटही होतं: रजिस्टर बदललं तरी आपण जुनी वहीच वाचत बसतो.

इथेच मुलं फसतात. मध्ये एखादा प्रिंटएफ किंवा डिले टाकला की चालायला लागतं, कारण तेवढ्यात कॅशमधली जुनी ओळ योगायोगाने बाहेर पडते. त्यावर पूर्ण गुण देऊ नका. तो बग गेलेला नाही, लपलाय.

खरा उपाय म्हणजे बफर ड्रायव्हरमध्ये डीएमए_अलॉक_कोहेरंट वापरून घेणे. हे फंक्शन एकाच जागेचे दोन पत्ते देतं, एक प्रोसेसरसाठी, एक डीएमएसाठी. मोठा बफर के-मॅलॉकने घेऊन डीएमए_मॅप_सिंगल केला तरी चालतं, पण अनमॅप होईपर्यंत प्रोसेसरने त्याला हात लावायचा नाही. व्ही-मॅलॉक किंवा स्टॅकवरचा बफर इथे देऊ नये.

तोंडी परीक्षेत मी हल्ली एवढंच विचारते, "हा पत्ता कोणाचा?"