खड्ड्याआधी वाट बघ

बाबू, सेप्टिक टाकी, शोषखड्डा आणि मागचं कुंपण एकाच दमात उरकायचं म्हणतोस, चांगलंच आहे. पण फोन केलास की पहिलं विचारतोस ते जेसीबीचा तासाचा दर. तो हंगामागणिक बदलतो; सावर्डे बाजारात हायवेच्या कडेला उभा राहिलास तरी कळेल. तू आधी हायवेपासून वाडीत येणारी वाट टेप लावून मोज.

आपल्याकडे नेहमी येतो तो जेसीबी साडेसात-आठ टनांचा. पुढचं बकेट सव्वादोन मीटर, म्हणजे साडेसात फूट रुंद. वळणावर त्याला नऊ-दहा फूट तरी हवेत. दोन गडग्यांमधली आपली वाट रिक्षेला पुरते, तिथे हा अडणारच. वाटेतल्या मोरीवरचा स्लॅब कोणत्या काळातला, किती वजन पेलतो, तेही जुन्या माणसांना विचार. फणसाची आडवी फांदी आणि खाली लोंबणारी सर्व्हिस वायर आधीच बघून ठेव. नाहीतर मशीन वाटेत उभं, मीटर चालू आणि तू शेजाऱ्याकडे कोयता मागतोयस.

वाट अरुंदच असेल तर तीन टनांचा मिनी पोकलेन मागव. तो साडेपाच-सहा फुटांतून निघतो आणि आठ-नऊ फूट खोल जातो. तुझ्या टाकीला सात फूट पुरे. त्याचं काम सावकाश चालतं, पण गडगा पाडून परत रचायला चिरेवाल्याचे दोन दिवस जातात, ते हिशोबात धर. कोणी म्हणेल, हायवेच्या कामावरचा मोठा पोकलेन सुटीच्या दिवशी आणून देतो. नको. वीस टनांचं धूड ट्रेलरवरून यायचं, ट्रेलर वाडीत वळायचा नाही, आणि चेनवर चालवत आणलंस तर ग्रामपंचायतीचा रस्ता उखडायचा. सात फुटांच्या खड्ड्यासाठी हा उंट कशाला हवा?

वाट ठरली की पहार घे आणि जिथे खणायचंय तिथे तीन ठिकाणी दोन-दोन फूट मारून बघ. आपल्याकडे एकाच परड्यात एका कोपऱ्यात लाल माती आणि दुसऱ्यात जांभा लागतो. जांभ्याची गंमत अशी की ऊनपाऊस खाल्लेला वरचा थर कडक आणि आतला मऊ. उघडा पडला, वारा लागला की तोही घट्ट होतो, म्हणून तर त्याचे चिरे निघतात. मशीनवाला वरची कडक टोपी बघतो आणि म्हणतो, ब्रेकर लावावा लागेल. ब्रेकरचा तास बकेटच्या तासापेक्षा महाग. लावू दे, पण टोपी फुटली की लगेच बकेट चढवायला सांग, नाहीतर मऊ जांभाही तो ब्रेकरने कुटत बसेल. त्यासाठी बकेट सोबत आणलंय ना, हे निघतानाच विचार. दोन बकेट असतील तर अरुंद माग. रुंद बकेटने खड्डा नको तेवढा सुटतो, आणि सुटलेल्या जागेत पुढे तूच भराव घालणार. ओढ्याच्या बाजूला मात्र काळा कातळ लागू शकतो. लागला तर जागा बदल. ट्रॅक्टरवरचा कंप्रेसर आणून सुरुंगाची भोकं पाडू, असं कोणी सुचवलं तर त्याला चहा पाजून घरी पाठव. स्फोटकांना परवाना लागतो, आणि घर दहा पावलांवर आहे.

शोषखड्ड्याला मशीन नकोच. चार-पाच फुटांचा गोल खड्डा दोन गडी टिकाव-फावड्याने घेतील, कडाही सरळ राहतील. त्याची जागा मात्र विहिरीपासून पन्नास-साठ फूट लांब, आणि उताराच्या वरच्या अंगाला अजिबात नको. शेजारच्या विहिरीत श्रावणात पाणी कुठवर चढतं ते विचार. खड्ड्याचा तळ त्याच्या चांगला वर राहिला पाहिजे. हे मे महिन्यात बघून कळत नाही.

कुंपणाच्या खांबांसाठी पेट्रोलवरचं भोकं पाडायचं मशीन मिळतं, अवजार बँकेत विचार. मातीत झकास चालतं. दगड लागला की पातं अडकतं आणि मशीनच गरकन फिरतं, मनगट सांभाळ.

आता मातीचं. टाकीचा खड्डा दहा बाय सहा, सात फूट खोल म्हणजे ४२० घनफूट, सव्वाचार ब्रास. बाहेर आली की ती फुगते, साडेपाच ब्रासच्या आसपास धर. ट्रॅक्टरच्या पाच-सहा खेपा! ती कुठे टाकणार, हे आधी ठरव. रास खड्ड्याच्या काठावर तर नकोच, चार-पाच फूट लांब. आपल्याच परड्यात भरावाला वापरलीस तर उत्तम. बाहेर न्यायची किंवा विकायची झाली तर ते गौण खनिज. आधी तलाठ्याला गाठ आणि तहसीलदारांची परवानगी काढ. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली दंड होतो, गाडीही अडकते.

आणि मशीन आलंच आहे तर मागची दरड थोडी कापून अंगण वाढवू, हा मोह तुला होणार. मलाही होतो. २०२१ च्या जुलैत खेडमधल्या पोसऱ्यात दरड वाडीवर आली, माणसं गेली. तिथलं कारण काही असो, उताराचा पाय मोकळा केला की वरची ओली माती उभी राहत नाही. कापायचंच असेल तर इंजिनिअरला दाखव, आधी संरक्षक भिंतीचे पैसे बाजूला काढ. खड्ड्यातही तेच. छातीएवढ्या खोलीत कडा उतरत्या केल्याशिवाय किंवा त्यांना आधार दिल्याशिवाय कोणाला उतरू देऊ नको.

वेळ दिवाळीनंतरची धर. भात कापून झालेलं असतं, खाचरातून मशीन न्यायला मालक सहज हो म्हणतो, आणि जमिनीत अजून ओल असते. मे महिन्यात सगळ्या मुंबईकरांना पावसाच्या आधी खड्डा हवा असतो. मशीन मिळत नाही, मिळालं तर जमीन तापून कडक, आणि खड्डा उघडा असताना मृग लागला की त्याचं तळं.

आदल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या पाणीवाल्याला बोलावून नळाची लाइन दाखवून घे आणि तिथे चुना मार. बोलणी करताना विचार: तास शेडमधून निघाल्यापासून की दारात आल्यापासून? कमीत कमी किती तास लावणार? डिझेल कोणाचं? मशीन आलं की आवर मीटरचा फोटो, जाताना पुन्हा फोटो. ऑपरेटरला जेवण वेळेवर घाल. हात त्याचा आहे, टाकीची कड सरळ निघणं त्याच्यावर आहे. निघायच्या आधी रास सपाट करून घे. गोठ्याकडचा मोठा धोंडाही पाणवठ्याजवळ सरकवून घे, चार गड्यांना हलत नाही आणि काकूला कपडे धुवायला हवाय.