वाळलेला हात आणि सहा महिने

वाचन: लूक ६:६-११

सभास्थानातल्या हात वाळलेल्या माणसाची हकीकत मत्तय, मार्क आणि लूक तिघांनीही दिली आहे. पण तो हात उजवा होता, हे फक्त लूकने नोंदवले. तो वैद्य होता. उजवा हात गेला म्हणजे मजुरी गेली, हे त्याला ठाऊक असणार. धानोरा, एटापल्लीकडच्या गावांत कुष्ठरोगाच्या कामासाठी फिरताना मला हा तपशील आठवतो. रोवणी, कापणी, मोह वेचणे, तेंदूच्या पानांचे पुडे बांधणे, इथे सगळ्यांचे पोट हातावरच आहे.

आपल्या मंडळीतही पुष्कळांना वाटते की कुष्ठरोगात बोटे झडतात. बोटे झडत नाहीत. रोगजंतू त्वचेत आणि नसांत राहतात. कोपर आपटल्यावर जिच्यामुळे झिणझिण्या येतात, ती नस बहुधा आधी सुजते. तिचे काम थांबले की करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आत वळते, तिथला स्पर्श जातो. मनगटातली नस गेली तर अंगठा बोटांसमोर येत नाही, मग घासही नीट धरता येत नाही. क्वचित मनगटच लोंबते.

बोटे आखूड होतात ती पुढे, दुखत नाही म्हणून. चुलीवरचा गंज नुसत्या हाताने उतरवला, बिडी बोटांपर्यंत जळत आली, तरी कळत नाही. फोड येतो, चिघळतो, जखम हाडापर्यंत जाते. १९४६ साली वेल्लोरच्या मिशन रुग्णालयात आलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी हे दाखवून दिले.

गेल्या पावसाळ्यात रोवणीच्या बांधावर एक बाई भेटल्या. परे धरताना त्यांची करंगळी वळलेली दिसली. “ताई, दुखत तर नाही, मग दवाखान्यात कायले जाऊ?” त्या म्हणाल्या. केव्हापासून असे आहे, विचारले. मोह वेचताना हात बरा होता म्हणे. मी मनात महिने मोजले: चार. घरधनी म्हणत होते, रोवणी होऊ द्या, पोळा होऊ द्या. तोवर सहावा महिना लागला असता.

हे सहा महिने महत्त्वाचे आहेत. बहुविध औषधोपचाराच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात आणि ६ किंवा १२ महिन्यांत रोग बरा होतो. पण सुजलेल्या नसेला प्रेडनिसोलोन लागते, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कित्येक आठवडे, मध्येच न सोडता. नस बिघडून सहा महिने व्हायच्या आत ते सुरू झाले तर हात परत येण्याची आशा बरीच असते. बाईंना दुसऱ्याच दिवशी नेले. आज त्यांना तळव्यावर पेनाचे टोक कळते. करंगळी मात्र थोडी वाकडीच राहिली.

घरात कोणाला न खाजणारा, स्पर्श न कळणारा फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तर हातही पाहा. तळवा वर करून अंगठा छताकडे उभा धरायला सांगा आणि बोटाने दाबा, टिकतो का? करंगळी बाजूला काढायला सांगून तसेच करा. जोर कमी वाटला तर आशाताईंना त्याच दिवशी सांगा.

जुना हात असेल तरी काम संपत नाही. रोज वीस मिनिटे साध्या पाण्यात हात भिजवायचा, ओला असतानाच तेल लावायचे. मोहाच्या बियांचे असो की खोबरेल, घरात असेल ते चालते. मग हात मांडीवर ठेवून दुसऱ्या हाताने बोटे हळूहळू सरळ करायची. विळ्याच्या मुठीला चिंध्या गुंडाळायच्या, गंज फडक्याने धरायचा. झोपताना हात न्याहाळायचा, हे मला सर्वांत मोलाचे वाटते.

वळलेली बोटे शस्त्रक्रियेने सरळ होऊ शकतात. चांगल्या स्नायूची दोरी वळवून निकामी स्नायूचे काम तिला देतात. त्याआधी गोळ्या पूर्ण झालेल्या आणि सांधे मऊ असावे लागतात. म्हणून ती तेल-पाण्याची कटकट. नंतर साधारण तीन आठवडे प्लास्टर, मग व्यायाम. त्यामुळे आम्ही तारीख मागतो ती धान घरात आल्यावर आणि मोह गळायच्या आधीची.