मुलीच्या पाळीची वही

पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ती मागेपुढे होते. "सुरुवातीला असंच असतं," असं घरातल्या मोठ्या बायका म्हणतात. पुष्कळदा ते खरंही असतं, पण ते वहीवरून ठरवावं.

१. वही मुलीच्याच हाती द्या. रक्त दिसलं तो पहिला दिवस; तिथपासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. (पाळी संपल्यापासून मोजलं की सगळा हिशेब चुकतो.) रोज किती पॅड बदलले, गाठी पडल्या का, शाळा बुडली का, तेही लिहू द्या.

२. तीन महिन्यांनी वही बघा. या वयात २१ ते ४५ दिवसांचं अंतर, सात दिवसांपर्यंत रक्तस्राव आणि दिवसाला तीन ते सहा पॅड हे ठीक. याबाहेर वरचेवर जात असेल किंवा तीन महिने पाळीच आली नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. तासा-दोन तासाला पॅड भिजतोय, चक्कर येतेय, धाप लागतेय? मग वही राहू द्या, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

३. डॉक्टर काय शोधतात? बहुतेकदा मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी आणि बीजकोश यांचा मेळ अजून बसलेला नसतो. काही महिने बीज बाहेरच पडत नाही, त्यामुळे प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. एकट्या इस्ट्रोजेनवर गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं आणि मग कधीही, कितीही दिवस अंगावरून जातं. थायरॉईड, प्रोलॅक्टिन किंवा पीसीओएस (मुरमं, हनुवटीवर राठ केस) यांनीही पाळी बिघडते. म्हणून हिमोग्लोबिन, टीएसएच, प्रोलॅक्टिन तपासतात. सोनोग्राफी पोटावरून होते. आतून तपासणी सहसा लागत नाही, तेव्हा त्या धास्तीने थांबू नका. पहिल्याच पाळीपासून खूप जात असेल, नाकातून वा हिरड्यांतून रक्त येत असेल, तर तेही सांगा. तिथे दोष हार्मोनचा नसून रक्त गोठण्याचा असू शकतो. डॉक्टर मुलीशी एकटीशी बोलू म्हणाले, तर बाहेर बसा.

४. गणपतीत पाळी पुढे ढकलायला घरात आणलेल्या गोळ्या तिला देऊ नका. अ‍ॅस्पिरिनही नको, त्याने रक्तस्राव वाढतो. डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या, तर सांगितल्या तितके दिवस द्या. मध्येच बंद केल्या की पुन्हा रक्त जाऊ लागतं. या गोळ्यांनी पुढे मूल होत नाही, ही समजूत चुकीची आहे.

५. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल, तर लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत द्यावी, चहासोबत नको. शाळेत आठवड्याला मिळते ती निळी गोळी रक्तक्षय टाळण्यासाठी असते. झालेला रक्तक्षय तेवढ्याने भरून निघत नाही.