मिरचीचं पान मुरडलं, दोष कुणाचा?



मागच्या महिन्यात एका गटाची बैठक होती. बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते झाले, सह्या झाल्या. रजिस्टर मिटताना ज्यांच्या घरी बैठक होती त्या ताई हळूच म्हणाल्या, "मॅडम, आमच्या परसातली सगळी मिरची बोकडली हो." ओट्यावर त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी तिथूनच कारण सांगून टाकलं: सून अडचणीच्या दिवसांत झाडांना पाणी घालायला गेली, म्हणून. सगळ्याजणी गप्प झाल्या. त्या ताईंनी मान खाली घातली.

आम्ही सगळ्या उठून परसात गेलो. एक फांदी हलवली तर पानांखालून राखेच्या कणांसारख्या बारीक पांढऱ्या माश्या उडाल्या. सासूबाईंनाही बोलावून दाखवल्या. चष्मा लावून त्यांनी पान उलटं करून बघितलं आणि म्हणाल्या, "हे एवढुसं?" हो, एवढुसंच. हीच ती पांढरी माशी. रोगट झाडाचा रस पिते, मग चांगल्या झाडावर बसते आणि रोगाचा विषाणू तिथे सोडते. त्यालाच आपण बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणतो. नर्सरीत कामाला जाणाऱ्या बायका महिन्याचे चार दिवस खाडा करत नाहीत, तरी तिथे हजारो रोपं वाढतात. मी सासूबाईंना एवढंच विचारलं, त्या हसल्या, काही बोलल्या नाहीत.

पण ताईंनो, प्रत्येक मुरडलेलं पान विषाणूचंच असतं असंही नाही. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून होडीसारखा आकार झाला असेल तर बहुतेक फुलकिडे असतात. कडा खाली वळून पानाचा देठ लांबट झाला तर कोळी. या दोन्हींवर वेळेत उपाय केला तर झाड पुन्हा सुधारतं. पण पानं बारीक, जाड होऊन शेंड्याला गुच्छ झाला, झाडाची वाढच खुंटली, तर ते विषाणूचं. त्याला औषध नाही. कोणी दुकानदार देत असेल तरी घेऊ नका. झाड उपटायचं आणि लांब नेऊन पुरायचं किंवा जाळायचं. फुलं लागलेलं झाड उपटताना जीव तुटतो, मला माहीत आहे, पण ते ठेवलं तर शेजारची चारही जातात.

माशीपासून रोपाला सांभाळायचं ते अगदी लहानपणी. म्हणून मी म्हणते, विकतचं उघड्यावरचं रोप आणण्यापेक्षा घरीच रोप करा. पावसाळी मिरचीसाठी बी टाकायची वेळ हीच आहे, मे महिन्याची अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा.

बियाणं कोणतं? परसासाठी फुले ज्योती किंवा पुसा ज्वाला चांगली. फुले ज्योती राहुरीच्या कृषी विद्यापीठाची, तिला मिरच्या झुपक्याने लागतात. पाकिटावरची तारीख बघून घ्या, पावती आणि रिकामं पाकीट जपून ठेवा. बी गुलाबी किंवा निळ्या रंगाचं असेल तर त्याला औषध चोळलेलं आहे, मुलांच्या हाती देऊ नका, हात साबणाने धुवा.

माझी पहिली चूक इथेच सांगून टाकते. नोकरीला लागले त्या वर्षी मी एका गावात उत्साहाने सगळ्यांना रोपं करायला लावली. सपाट वाफा, ताजं शेण आणि सकाळ-संध्याकाळ भरपूर पाणी. आठ-दहा दिवसांनी बी छान उगवलं, आणि पुढच्या आठवड्यात रोपं जमिनीलगत सडून एकेक आडवी पडली. त्याला रोप कोलमडणं म्हणतात, ओल साचली की बुरशी हे करते. दोन ताईंनी गटाचं पीठ करून विकलेल्या पैशातून बियाणं आणलं होतं. त्यांच्यासमोर उभं राहायला मला लाज वाटली होती.

म्हणून आता वाफा वीतभर उंच करा, म्हणजे पाणी थांबणार नाही. माती भुसभुशीत, त्यात पूर्ण कुजलेलं शेणखत, आणि मिळाली तर ट्रायकोडर्मा पावडर खतात कालवून टाका. चार बोटांच्या अंतरावर रेघा ओढून बी पातळ पेरा, अर्ध्या पेरापेक्षा खोल नको. वर बारीक खत भुरभुरवा, गवताने झाका. कोंब दिसले की गवत त्याच दिवशी काढा, नाहीतर रोपं लांबट, कमजोर होतात. पाणी झारीने, सकाळी, माती वरून सुकल्यावरच. जागा नसेल तर चहाचे कागदी कप चालतात, बुडाला भोक पाडून.

वाफ्यावर काठ्यांची कमान करून बारीक विणीची नायलॉन जाळी लावा. मच्छरदाणी चालत नाही बरं का, तिच्या भोकांतून पांढरी माशी आरामात जाते. दुकानात 50 मेशची जाळी मागा. एकटीला महाग पडेल, पण तीन-चार जणींनी मिळून एक वाफा केला तर एकाच जाळीत भागतं.

साधारण 5 ते 6 आठवड्यांत रोप वीतभर होतं. लावायच्या आधी आठवडाभर पाणी कमी करा, जाळी थोडा वेळ उघडी ठेवून ऊन द्या. लावणी संध्याकाळी, दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर. पाच माणसांच्या घराला दहा-बारा झाडं पुरतात. तेलाच्या 15 लिटरच्या डब्यात एकच झाड लावा, दोन लावायचा मोह आवरा. बुडाला चार-पाच भोकं हवीतच.

लावल्यावर दर दहा-बारा दिवसांनी निंबोळी अर्क फवारा. वाळलेल्या निंबोळ्यांची 50 ग्रॅम भरड रात्री पाण्यात भिजवा, सकाळी फडक्याने गाळून 1 लिटर करा, चिमूटभर साबणाचा चुरा टाका. ऊन उतरल्यावर, पानांच्या खालून. वरून फवारलं तर माशी खाली सुखात बसून राहते. झाडांमध्ये पिवळे चिकट सापळे टांगा. फुलं गळायला लागली तर आधी पाणी बघा, कधी कोरडं कधी चिखल असं झालं की फूल गळतं. कडक उन्हातही गळतं, त्याला घाबरू नका. युरिया मात्र मुठीने टाकू नका, झाड नुसतं पानांनी माजतं आणि किडीला कोवळा पाला मिळतो.

लावणीपासून दोन-सव्वादोन महिन्यांत पहिला तोडा येतो. हिरव्या मिरच्या वेळेवर तोडत राहिलात तर नवीन फुलं येत राहतात.

बी घरचं धरायचं असेल तर रोग न आलेलं एक झाड निवडून त्यावरच्या मिरच्या लाल होऊ द्या. संकरित वाणाचं बी धरू नका. आणि जवळ ढोबळी मिरची असेल तर दोन्हींचा संकर होतो.

त्या ताईंनी सगळी बोकडलेली झाडं उपटली आणि परसाच्या दुसऱ्या कोपऱ्यात नवा वाफा घातला आहे. कोंबड्या उकरतात म्हणून सासूबाई काठी घेऊन तिथेच बसतात. यंदाच्या निंबोळ्या आता पडायला लागतील. प्रत्येकीने धुवून, सावलीत वाळवून किलोभर तरी जुलैच्या बैठकीला आणा, ज्यांच्या दारात कडुनिंब नाही त्यांना वाटून देऊ.