आकडे माझ्या भटकंतीचे

'कॅश' म्हटलं की होस्टेलवाल्याच्या डोळ्यापुढं महिनाअखेर आणि मेसचं बिल उभं राहतं. पण ही कॅश वेगळी. जिओकॅश म्हणजे कुणीतरी कुठंतरी लपवलेली एक डबी. तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर दिलेले असतात. आपण जीपीएस घेऊन जायचं, डबी शोधायची, आतल्या चिठ्ठीवर नाव-तारीख लिहायची आणि डबी होती तिथंच ठेवून द्यायची. मग घरी येऊन आपल्या खात्यावर नोंद करायची. अशा नोंदी साठत गेल्या की आपल्या पानावर आकडेवारी तयार होते. ही आकडेवारी कशी बनते, तिचा अर्थ काय आणि ती मांडताना कुठं घसरायला होतं, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

खेळ सुरू कसा झाला?

पूर्वी अमेरिका नागरी वापराच्या जीपीएस संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळं जागा शंभर मीटरपर्यंत इकडंतिकडं दिसायची. २ मे २००० रोजी ही मिसळ बंद झाली आणि साध्या यंत्राची अचूकता एका रात्रीत सुमारे दहापट वाढली. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर या गृहस्थानं ओरेगॉन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये या खेळाची वेबसाईट सुरू झाली. म्हणजे हा खेळ आपल्यातल्या बऱ्याच जणांहून वयानं मोठा आहे!

मोजमापाचं हे वेड आपल्या वऱ्हाडाला नवीन नाही बरं का. एकोणिसाव्या शतकात भारताचा महाचाप मोजला गेला, त्याच्या मुख्य ठाण्यांपैकी एक वऱ्हाडात होतं. सर्वेक्षणाच्या नोंदीत ते 'टाकळखेडा' म्हणून येतं. हे काम सुरू करणारे विल्यम लॅम्बटन १८२३ साली आपल्या शेजारच्या हिंगणघाटला वारले. त्यांना साखळ्या आणि अर्ध्या टनाचा थिओडोलाइट ओढत न्यावा लागला. आपल्याला खिशातला मोबाईल पुरतो.

पानावर काय काय दिसतं?

एकूण किती डब्या सापडल्या, हा पहिला आकडा. मग कोणत्या वर्षी किती, कोणत्या वारी किती, सर्वांत उत्तरेची कोणती, घरापासून सर्वांत लांबची कोणती, सलग किती दिवस किंवा आठवडे शोध चालला, वगैरे. सर्वांत गमतीचा असतो तो चौकोनी तक्ता. प्रत्येक डबीला दोन गुण असतात : शोधायला किती अवघड आणि तिथपर्यंतची वाट किती अवघड. दोन्ही १ ते ५, अर्ध्या-अर्ध्याच्या पायरीनं. म्हणजे नऊ आडवे, नऊ उभे, एकूण ८१ घरं. काही लोक हा तक्ता भरण्यासाठी वर्षानुवर्षं फिरतात.

आपल्याकडं अशा डब्या विरळाच. म्हणून मी सोपा मार्ग काढला. स्वतःच्या भटकंतीचीच वही ठेवली : तारीख, जागा, अक्षांश, रेखांश, सोबत कोण. मग ती स्प्रेडशीटमध्ये चढवली आणि तिच्यावरून आपल्या पानासाठी आकडे काढले. डबी असो वा नसो, गणित तेच.

अंतर काढायचं कसं?

उदाहरण अमरावती-अकोल्याचंच घेऊ. अमरावती साधारण २०.९३ उत्तर, ७७.७५ पूर्व. अकोला २०.७० उत्तर, ७७.०० पूर्व. अक्षांशाचा एक अंश म्हणजे अंदाजे १११ किलोमीटर. फरक ०.२३ अंश, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर २५.५ किमी. रेखांशाचं मात्र तसं नसतं. ध्रुवाकडं जावं तसे रेखांश जवळ येतात. म्हणून १११ ला सरासरी अक्षांशाच्या (२०.८१५) कोसाइननं, म्हणजे सुमारे ०.९३५ नं गुणायचं. ०.७५ × १११ × ०.९३५ म्हणजे ७७.८ किमी. आता पायथागोरस : दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ ८२ किमी. विदर्भाएवढ्या प्रदेशात ही पद्धत पुरते. त्याहून लांब जायचं तर हॅवरसाइन सूत्र वापरावं.

इथं माझी जी फजिती झाली ती सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही. माझ्या शीटमध्ये अमरावती-अकोला ४१ किमी आलं आणि मी ते पानावर टाकूनही दिलं! रूमवर एकानं वाचलं अन् म्हणाला, "काय बे, मूर्तिजापूर गायब केलं काय तू?" चूक काय होती? स्प्रेडशीटचं कोसाइन रेडियन मागतं, मी अंश दिले होते. गंमत अशी की उत्तर उणे किंवा हजारात आलं असतं तर लगेच लक्षात आलं असतं. ४१ हा आकडा दिसायला सज्जन होता, म्हणून खपून गेला. धडा असा की आधी स्वतःला ठाऊक असलेल्या अंतरावर सूत्र तपासावं, मगच बाकीच्या ओळी भराव्यात.

एकक विचारा!

८२ किमी हे पक्ष्याच्या वाटेचं अंतर. एस्टीचा रस्ता याहून लांब. चिखलदऱ्याचं तर विचारूच नका. अमरावतीहून सरळ रेषेत ६८ किमी, पण घाटाची वळणं धरली की बरेच वाढतात. म्हणून पानावर नुसतं 'इतके किमी फिरलो' असं लिहू नये. सरळ अंतर की रस्त्याचं, हे सोबत लिहावं.

याचं झकास उदाहरण आपल्याच रस्त्यावर आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर, राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किमी सलग डांबरी रस्ता केला गेला आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. विक्रम खराच. पण ते ७५ किमी एका लेनचे होते. दुपदरी रस्त्याच्या हिशोबानं तेच काम ३७.५ किमी होतं. दोन्ही आकडे बरोबर आहेत. 'लेन' हा एक शब्द वाचला नाही तर मात्र आपण दुप्पट समजून बसतो.

आकडे तुमचा पत्ता सांगतात

समजा मी पानावर लिहिलं : घरापासून अकोला ८२, चिखलदरा ६८, लोणार १६७ किमी. घर कुठं ते लिहिलं नाही. सुरक्षित ना? मुळीच नाही. नकाशावर या तीन जागांभोवती तेवढ्या त्रिज्येची वर्तुळं काढा. तिन्ही जिथं भेटतील तिथं अमरावती. जीपीएस स्वतः अशीच जागा शोधतं, फक्त तिथं गावांऐवजी उपग्रह असतात. अंतर पूर्ण किलोमीटरमध्ये दिलं तर एखादा मोहल्ला कळेल. दशांशाची दोन स्थळं दिली तर दहा मीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ होस्टेलची विंग कळेल.

ही नुसती कल्पना नाही. स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपनं नोव्हेंबर २०१७ मध्ये वापरकर्त्यांच्या वाटांचा जागतिक नकाशा काढला आणि जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या ध्यानात आलं की त्यात लष्करी तळांवर पळणाऱ्या सैनिकांच्या वाटाही उजळल्या आहेत. तेव्हा उपाय सोपा : 'घर' म्हणून खोली न देता गावातला एखादा चौक द्यावा आणि अंतरं पूर्ण आकड्यात लिहावीत. मुलींनी, आणि मुलांनीही, आज कुठं आहोत याची नोंद परत आल्यावरच टाकावी.

जागांचंही भान ठेवावं. गाविलगड, नरनाळा ही संरक्षित स्मारकं आहेत आणि भोवती मेळघाटचं जंगल आहे. तिथं डबी लपवायची नाही, खणायचं नाही. रेल्वे स्टेशन, बसस्टँडवर बेवारस डबी दिसली तर पोलिसच येतील! डबीशिवायही खेळ होतो. 'अर्थकॅश' प्रकारात जागा पाहून भूशास्त्रावरच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. उल्केच्या आघातानं बेसाल्टमध्ये झालेलं, सुमारे १.८ किमी व्यासाचं लोणारचं विवर यासाठी बनवल्यासारखं आहे.

आणि शेवटचा मुद्दा

माझ्या पानावर एकदा 'एकूण जागा २७, सलग सहा आठवडे' असं झळकत होतं. त्यातली एक नोंद नरनाळ्याची होती. खरं असं की त्या दिवशी आम्ही उशिरा निघालो, शहानूरला पोचेस्तोवर दिवस कलला आणि गडावर न जाताच वापस आलो. साखळी तुटू नये म्हणून मी नोंद ठोकून दिली. कुणी तपासणार होतं थोडंच? पण सोबतच्या मित्रानं पान पाहिलं. तो काही बोलला नाही. फक्त म्हणाला, "वरतून कसं दिसते रे?" मला सांगता आलं नाही.

त्याच रात्री ती ओळ पुसली. २७ चे २६ झाले. सहा आठवड्यांची साखळी तुटून तीन आणि दोन असे तुकडे झाले. एका ओळीनं एवढं सगळं बदललं, कारण बाकीचे आकडे तिच्याच खांद्यावर उभे होते.

प्रॅक्टिकलला आपण काय करतो ते आठवा. उत्तर ठाऊक असतं, मग उलटं जाऊन रीडिंग 'मॅनेज' करतो. ग्राफ सरळ येतो, जर्नलवर सही मिळते. उद्या हाच हात पुलाच्या काँक्रीटचं किंवा बॉयलरच्या दाबाचं रीडिंग लिहिणार आहे. तिथं खाली माणसं असतील.

नरनाळ्याला नंतर पुन्हा गेलो, सकाळी लवकर निघून. नोंद नव्या तारखेची केली. साखळी जुळली नाही ती नाहीच. पण वरतून कसं दिसतं ते आता मला विचारा!