कंबरेच्या एमआरआयआधी टायरमधली हवा

गाडी चालवताना किंवा चालवून उतरल्यावर कंबर धरते, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या हातात बहुधा एमआरआयची फिल्म असते. गाडीबद्दल मात्र कुणी चकार शब्द विचारलेला नसतो. स्पोर्ट्स कार चालवणाऱ्यांच्या बाबतीत ही उणीव फार जाणवते. दुखणं कधीपासून आहे एवढं विचारून भागत नाही. कोणत्या रस्त्यावर दुखतं, किती वेगाला, टायर बदलल्यावर सुरू झालं का, आणि त्याच सुमारास एखाद्या चाकाकडून नवा आवाज येऊ लागला का, हेही विचारायला हवं. रस्त्याबद्दलचा प्रश्न वैद्यकाला परका नाही. इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी २०१२ साली अपेंडिक्सचा संशय असलेल्या रुग्णांना, दवाखान्यात येताना गतिरोधकावर पोटातली कळ वाढली का, असं विचारलं. ज्या ३४ जणांना अपेंडिक्सचा दाह असल्याचं नक्की झालं, त्यांतल्या ३३ जणांचं उत्तर 'हो' होतं. धोक्याची लक्षणं नसतील तर गाडीशी निगडित कंबरदुखीची तपासणी टायरमधली हवा आणि सस्पेन्शन यांपासून सुरू करावी, मणक्याच्या चित्रापासून नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यामागचं कारण आपल्या शरीराच्या घडणीत आहे. बसलेल्या माणसाचं धड सगळी उभी कंपनं सारखी सोसत नाही. सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा येणारा हादरा कण्यात सर्वाधिक वाढतो, म्हणजे सीटमधून जेवढा आत जातो त्याहून मोठा होऊन छातीपर्यंत पोचतो. म्हणूनच कंपनं मोजण्याचं आयएसओ २६३१ हे आंतरराष्ट्रीय मानक याच पट्ट्याला सर्वांत जास्त महत्त्व देतं. आता रस्त्याकडे पाहा. काँक्रीटच्या रस्त्यात सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर कापते, म्हणजे सेकंदाला जवळजवळ पाच सांधे चाकाखालून जातात. ताशी ६५ पासून थेट १३० पर्यंतचा कुठलाही वेग घेतला, तरी हा आकडा ४ ते ८ च्या आतच राहतो. साध्या गाडीची स्प्रिंग मऊ असते. तिचा स्वतःचा झोका सेकंदाला एक ते दीड वेळा होतो, त्यामुळे सांध्यांचे बरेचसे हादरे तिच्यातच विरतात. स्पोर्ट्स कार वळणावर झुकू नये म्हणून तिची स्प्रिंग ताठ केलेली असते, तिचा झोका दोन-अडीचवर जातो आणि मधली गाळणी विरळ होते. त्यात टायरची भिंतही आखूड. साध्या गाडीच्या १६५/८० मापाच्या टायरची भिंत १३२ मिलिमीटर उंच असते, तर २४५/३५ ची जेमतेम ८६. एवढ्याशा जागेत हवा थोडी कमी-जास्त झाली तरी चालवणाऱ्याला फरक जाणवतो.

हवेच्या बाबतीत सर्वांत जास्त गोंधळ पेट्रोल पंपावर होतो. चारही चाकांत सारखी हवा भरायची, ही तिथली रीत. पोर्शे ९११ चं उदाहरण घ्या. तिचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे बसवलेलं असतं आणि वजनाचा सुमारे साठ टक्के भाग मागे पडतो. म्हणून मागचे टायर रुंद असतात आणि त्यांचा दाबही पुढच्यापेक्षा जास्त सांगितलेला असतो. चारही चाकांत मागचा आकडा भरला तर पुढचं चाक दगडासारखं कडक होतं, आणि पुढचा भरला तर मागचे टायर ओझ्याखाली तापतात. आपल्या गाडीचा खरा आकडा दाराच्या चौकटीवरच्या किंवा पेट्रोलच्या झाकणामागच्या पट्टीवर छापलेला असतो. टायरच्या कडेवर असते ती कमाल मर्यादा. ती पाहून हवा भरणं ही नेहमी होणारी चूक आहे. मोजायचं ते टायर गार असताना, कारण तापमान दहा अंशांनी बदललं की दाब दीड-दोन पीएसआयने बदलतो. पुण्यातल्या डिसेंबरच्या पहाटेच्या आणि भर दुपारच्या मापात केवळ उन्हामुळे तीन पीएसआयचा फरक पडू शकतो. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबू नये. अमेरिकेत ही यंत्रणा सक्तीची झाली तेव्हा दाब सांगितल्यापेक्षा २५ टक्क्यांनी उतरला की दिवा लागावा असा नियम ठरला, म्हणजे ३६ चा २७ होईपर्यंत दिवा गप्प राहू शकतो. स्वतःचा छोटा गेज घ्यावा. पंपावरच्या मीटरचा भरवसा नसतो. आणि कंबर वाचवण्यासाठी पट्टीवरच्या आकड्याखाली हवा उतरवू नका, हे मी डॉक्टर म्हणूनच सांगते आहे. तसा टायर मऊ वाटतो खरा, पण वेगात त्याच्या कडा तापतात आणि तो फुटतो. काही नव्या ९११ च्या पुस्तिकेत कमी वेगासाठी आरामदायी दाब वेगळा दिलेला असतो. तो जरूर वापरावा.

आवाजाचा अर्थ लावताना एक भेद पाळावा लागतो. कानाला त्रास देणारा प्रत्येक आवाज कंबरेला त्रास देत नसतो. बारीक खड्ड्यांवरून हळू जाताना होणारी टकटक बहुतेक वेळा लिंक रॉडची किंवा झिजलेल्या बुशची असते. उभ्या गाडीचं स्टिअरिंग वळवताना होणारी कुरकुर शॉकरच्या वरच्या माउंटकडे बोट दाखवते. वेगाबरोबर चढत जाणारी घरघर व्हील बेअरिंगची किंवा असमान झिजलेल्या टायरची. ही कामं सुरक्षिततेसाठी करायलाच हवीत, बॉल जॉइंट तर अजिबात लांबणीवर टाकू नये, पण मणक्यावरचा भार त्यांनी फारसा बदलत नाही. (आणि कुठलाही भाग खोलण्याआधी डिकीतला जॅक आणि पाना नीट बांधलेले आहेत का ते पाहावं.) कंबरेशी थेट संबंध असतो तो शॉकरचा, आणि नेमका तोच पुष्कळदा आवाज न करता निकामी होतो. त्यातलं तेल गळून गेलं की स्प्रिंगचा झोका आवरायला कुणी उरत नाही आणि मोठ्या खड्ड्यात सस्पेन्शन तळाला आदळतं. गाडीचा कोपरा दाबून सोडायची जुनी परीक्षा ताठ स्प्रिंगच्या गाडीवर फसवी ठरते. त्यापेक्षा शॉकरच्या दांड्यावर तेलाचा ओघळ आहे का आणि टायरच्या नक्षीवर हाताला चढउतार लागतात का, हे पाहायला सांगा. गॅरेजमध्ये नुसतं 'आवाज येतो' म्हणू नका. किती वेगाला, सरळ जाताना की वळताना, ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर, हे सांगितलं तर मेकॅनिकचं अर्धं काम होतं.

यावर अभ्यासू वाचक आक्षेप घेतील की गाडी चालवल्याने मणक्यांतल्या चकत्या झिजतात हे सिद्धच झालेलं नाही. आक्षेप बरोबर आहे. फिनलंडमधल्या एकसारख्या जुळ्या भावांच्या ४५ जोड्या संशोधकांनी तपासल्या. प्रत्येक जोडीतला एक भाऊ पोटापाण्यासाठी वाहन चालवणारा, दुसऱ्याचं काम वेगळं. २००२ साली 'लॅन्सेट'मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात चालकांच्या चकत्या अधिक झिजलेल्या आढळल्या नाहीत. मात्र यातून माझ्या म्हणण्याला बळच मिळतं. वेदना आणि झीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनात दीर्घकाळ काम करणाऱ्यांमध्ये कंबरदुखी जास्त आढळते, आणि म्हणूनच युरोपीय संघाने २००२ साली कामगारांसाठी कंपनाच्या मर्यादा ठरवून दिल्या. चकती न झिजताही स्नायू आणि सांधे दुखू शकतात. उलट बाजूने, काहीही न दुखणाऱ्या माणसांचे एमआरआय केले तर २० वर्षांच्या वयात ३७ टक्के आणि ५० व्या वर्षी ८० टक्के लोकांत चकत्यांची झीज दिसते, असं २०१५ सालच्या एका मोठ्या आढाव्यात नोंदलेलं आहे. तेव्हा पन्नाशीतल्या माणसाच्या फिल्मवर झीज दिसली म्हणून दुखण्याचं मूळ सापडलं, असं मानता येत नाही. ती झीज गाडी घेण्याच्या कितीतरी आधीची असू शकते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. नवी कंबरदुखी बहुतेकांची सहा आठवड्यांत आपोआप ओसरते. मग हवा नीट केल्यावर बरं वाटलं, यातून काय सिद्ध होतं? एकदाच बरं वाटल्याने फारसं नाही. म्हणून बदल एका वेळी एकच करावा. आधी फक्त हवा पट्टीप्रमाणे करून तोच रस्ता, तोच वेग, तेवढाच वेळ आठवडाभर ठेवा आणि उतरल्यावरचं दुखणं शून्य ते दहामध्ये लिहा. मग शॉकर, त्यानंतर बसण्याची ठेवण. स्पोर्ट्स कारमध्ये सीट खाली असल्याने गुडघे खुब्यांच्या वर जातात आणि कंबरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो. पाठीचा आधार थोडा उभा केला आणि कंबरेमागे पातळ उशी ठेवली तर तो परत मिळतो. उतरताना एक पाय बाहेर टाकून कंबर पिळू नका, आधी दोन्ही पाय बाहेर घ्या. लांबच्या प्रवासात तासा-दीड तासाने उतरून पाच मिनिटं चाला, पण उतरल्याबरोबर डिकीतली जड बॅग उचलू नका. एवढं करूनही दुखण्याचे आकडे हलले नाहीत, तर गाडीचा संशय सोडून द्यावा आणि डॉक्टरांकडे ती नोंद घेऊन जावं.

काही जणांनी मात्र एक दिवसही थांबू नये. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या आतल्या भागाला बधिरपणा, पाऊल उचलताना फरफटणं, दुखण्यासोबत ताप, कारण नसताना वजन घटणं, पूर्वी कर्करोग झालेला असणं, रात्री झोपेतून उठवणारी कळ; यांपैकी काहीही असेल तर थेट रुग्णालय गाठावं. हाडं ठिसूळ झालेल्या स्त्रिया, साठीपुढची माणसं आणि दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे यांना एका मोठ्या हादऱ्यानेही मणक्याचं फ्रॅक्चर होऊ शकतं. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शनानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ च्या वेगाने तो सुखरूप ओलांडता येतो. गल्लोगल्ली घातलेले अरुंद, उभे उंचवटे या मापात कुठेच बसत नाहीत. अशा उंचवट्यावर गाडी आदळल्यानंतर शेजारी बसलेल्या आईच्या पाठीत अचानक कळ आली आणि ती आडवं झाल्यावर कमी होऊन उभं राहताच वाढत असेल, तर त्याच दिवशी तिच्या मणक्यांचा एक्स-रे काढून घ्या. टायर आणि शॉकर नंतर पाहता येतील.