किनारपट्टीवरील धुराड्याची टोपी आणि माथ्याचा कोबा : दुरुस्ती, जपणूक आणि हिशेब

समुद्राकाठी घर बांधणारा माणूस पाया, भिंती आणि छप्पर यांसाठी हात सैल सोडतो. पण छपराच्याही वर उभी राहून ऊन, पाऊस आणि खारा वारा सर्वांत आधी झेलणारी वस्तू, म्हणजे धुराड्याची टोपी, ती मात्र अगदी शेवटी आठवते. तोपर्यंत पैसे संपत आलेले असतात. मग बाजारात जो स्वस्त पत्रा मिळेल त्याची टोपी ठोकली जाते आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिची चाळण होते. हे नुकसान टाळता येण्यासारखे आहे, आणि ते टाळण्याचे ज्ञान ज्या कारागिराकडे आहे त्याला काम कमी पडत नाही. म्हणून या विषयाचा थोडा तपशिलाने विचार करू.

आमचा धंदा कापडाचा. पत्र्याशी आमचा संबंध गिऱ्हाईक म्हणून आणि गोदामाचे छप्पर सांभाळणारा म्हणून. परंतु माल पारखण्याची रीत दोन्ही धंद्यांत एकच आहे. कापड चकाकीवर घेणारा फसतो, पत्राही चकाकीवर घेणारा फसतो.

धुराडे कोणते?

विलायतेत किंवा दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊनला, जिथे कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे, तेथे घराघरांत शेकोटीची विटांची धुराडी असतात. आपल्या कोकणात प्रकार वेगळे आहेत. निर्धूर चुलीचा सिमेंटचा पाइप, न्हाणीघरातील पाणी तापवण्याच्या चुलीचा पाइप, घराला लागून असलेल्या भट्टीची विटांची चिमणी आणि अलीकडच्या स्वयंपाकघरातील विजेच्या चिमणीचा भिंतीबाहेर काढलेला पाइप. या सर्वांच्या तोंडावर टोपी लागते. विटांच्या चिमणीवर, किंवा स्लॅबमधून वर आलेल्या पाइपाभोवती जो चौथरा करतात त्यावर, सिमेंटचा उतरता थर असतो. त्यालाच येथे आम्ही माथ्याचा कोबा म्हणतो.

टोपी पावसाचे पाणी आणि पाखरे आत येऊ देत नाही. कोबा पाणी बाहेरच्या अंगाला उतरवतो, म्हणजे ते विटांच्या सांध्यांत शिरत नाही. टोपी गंजून खाली बसली किंवा तिची जाळी काजळीने बुजली, तर धूर घरात फिरतो. डोळे चुरचुरणे ही त्यातली लहान गोष्ट. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या सरपणातून आणि कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि बंद खोलीत तो जीव घेतो. म्हणून टोपीची दुरुस्ती हा केवळ शोभेचा किंवा गळतीचा प्रश्न समजू नये.

खारा वारा काय करतो?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. लाटा फुटताना उडालेले तुषार वाऱ्याबरोबर आत येतात आणि मिठाचा बारीक थर पत्र्यावर बसतो. हे मीठ हवेतील ओलावा ओढून घेते, त्यामुळे पाऊस नसतानाही पत्रा ओलाच राहतो आणि गंज चालूच राहतो.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. टोपीची वरची बाजू पावसाने धुतली जाते, खालची बाजू कधीच धुतली जात नाही. वर मीठ टिकत नाही, खाली ते साचत जाते. त्यात धुराची आम्ले आणि डांबरट काजळी यांची भर पडते. म्हणून रस्त्यावरून चांगली दिसणारी टोपी खालून पोखरलेली असू शकते. पाहणी करणाऱ्याने शिडी लावून खालच्या अंगाला हात फिरवल्याशिवाय ‘टोपी ठीक आहे’ असे सांगू नये.

पत्रा कसा पारखावा?

कापडात आपण जीएसएम पाहतो, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम वजन. जस्ती पत्र्यातही जीएसएम असतो, फक्त तो पत्र्याचा नसून त्यावरील जस्ताचा असतो आणि दोन्ही बाजूंचा मिळून असतो. १२० जीएसएमच्या पत्र्यावर एका बाजूला जस्ताचा थर जेमतेम ८ मायक्रॉन भरतो. २७५ जीएसएममध्ये तो सुमारे १९ मायक्रॉन होतो. पत्रा जाड आहे की पातळ, यावरून जस्ताचा अंदाज येत नाही. दुकानदाराला जस्ताचा आकडा विचारावा. किनाऱ्यावर २७५ पेक्षा कमी घेऊ नये.

स्टेनलेस स्टीलचीही अशीच हकीकत आहे. बाजारात तीन नंबर नेहमी ऐकू येतात. २०२ मध्ये निकेल कमी करून त्या जागी मँगनीज घातलेले असते. ते स्वस्त पडते, पण खाऱ्या हवेत लवकर डागाळते. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ३१६ मध्ये याशिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते आणि मिठाला तोंड देण्याची खरी ताकद त्यातूनच येते. समुद्र दिसेल इतक्या जवळच्या घराला ३१६ च घ्यावे. आतल्या गावांत ३०४ चालते.

आता फसवणुकीचे ठिकाण. नवेपणी २०२, ३०४ आणि ३१६ तिन्ही सारखेच चमकतात. पुष्कळ लोक लोहचुंबक लावून पाहतात आणि तो चिकटला नाही की अस्सल माल समजतात. परंतु या तिघांपैकी कोणालाच लोहचुंबक नीट चिकटत नाही, म्हणून या परीक्षेने २०२ आणि ३०४ मधला फरक कळत नाही. मॉलिब्डेनम ओळखण्याचे रासायनिक थेंब मिळतात. मोठे काम असेल तर ते वापरावेत. लहान कामात माल बनवणाऱ्याचे प्रमाणपत्र मागावे आणि बिलावर ग्रेड लिहून घ्यावा. जो दुकानदार ग्रेड तोंडी सांगतो पण बिलावर लिहीत नाही, त्याच्याकडून न घेतलेले बरे.

मधला पत्रा टिकतो, जोड जातो

टोपी बहुधा मधून गळत नाही. ती रिबिटाजवळ, घडीत आणि वेल्डिंगच्या रेषेवर आधी जाते. म्हणून कारागीर बांधवांनी पुढील गोष्टी सांभाळाव्यात :

१. स्टेनलेसच्या टोपीला साधे लोखंडी किंवा जस्ती स्क्रू लावू नयेत. दोन वेगळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना लागले की त्यातला कमजोर धातू झपाट्याने झिजतो. मोठ्या स्टेनलेस पत्र्यात लहान लोखंडी स्क्रू म्हणजे स्क्रूचे मरण. तांब्याची पट्टी जस्ती किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्याला लावणेही असेच घातक.

२. वेल्डिंगनंतर जो निळसर-काळा डाग राहतो तो पिकलिंग पेस्टने काढून भरपूर पाण्याने धुवावा. तो ठेवला तर ३१६ सुद्धा तेथून गंजते. पेस्टमध्ये जहाल आम्ल असते, तेव्हा हातमोजे आणि चष्मा घालावा.

३. लोखंड घासलेला तारेचा ब्रश किंवा ग्राइंडरची चकती स्टेनलेसवर चालवू नये. लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि महिन्याभरात तांबूस ठिपके येतात.

४. जस्ती आणि ॲल्युमिनियमचा पत्रा ओल्या सिमेंटला लागू देऊ नये. मध्ये डांबरी रंगाचा हात द्यावा.

५. पाइपाचे तोंड आणि टोपी यांत पुरेसे अंतर हवे. हिशेब सोपा आहे. पाइपाच्या व्यासाचा चौथा हिस्सा अंतर ठेवले तर धुराला बाहेर पडण्यास पाइपाइतकीच जागा मिळते. पण जाळी आणि काजळी जागा खातात, म्हणून व्यासाच्या निम्मे अंतर ठेवावे. चार इंची पाइपाला दोन इंच. जाळीचे भोक अर्ध्या इंचाचे असावे. डासांची बारीक जाळी कधीही लावू नये, ती काजळीने किंवा तेलकटाने बुजते.

६. बांधणी वाऱ्याला पुरेल अशी असावी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा असंख्य घरांचे पत्रे उडून गेले. एका स्क्रूवर उभी असलेली टोपी अशा वाऱ्यात दुसऱ्याच्या डोक्यावर पडू शकते. पाइपाभोवती पट्टा आणि निदान तीन-चार पाय द्यावेत.

माथ्याचा कोबा

गवंडी पुष्कळदा जोडकामातून उरलेला मसालाच माथ्यावर थापतो. तो पातळ असतो, आकसतो, त्याला केसासारख्या भेगा पडतात आणि खारे पाणी आत शिरते. कोबा काँक्रीटचाच करावा. कडेला किमान दोन इंच जाडी, पाइपाजवळ त्याहून जास्त, आणि फुटाला एक इंच उतार बाहेरच्या बाजूस. कोबा भिंतीच्या दोन इंच बाहेर यावा आणि त्या बाहेर आलेल्या भागाच्या खाली बोटभर रुंदीची खाच ठेवावी, म्हणजे पाणी भिंतीला न चिकटता थेंबाथेंबाने खाली पडते.

पाइप तापला की फुगतो, कोबा फुगत नाही. म्हणून दोघांमध्ये अर्ध्या इंचाची फट ठेवून ती उष्णता सहन करणाऱ्या सीलंटने भरावी. सिमेंटने पक्की केली तर पहिल्याच हिवाळ्यात तडा जातो.

सळईबद्दल विशेष खबरदारी हवी. आयएस ४५६ : २००० या मानकाप्रमाणे किनारी हवेत सळईच्या काँक्रीटसाठी किमान एम-३० दर्जा आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण धरतात. दोन इंच म्हणजे ५० मिलिमीटर. अशा कोब्याच्या मधोमध सळई टाकली तर वर आणि खाली वीस-बावीस मिलिमीटरच आवरण राहते. खार तेथपर्यंत पोहोचतो, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि कोबा आतून फुटतो. मजबुतीसाठी घातलेली सळईच त्याचा नाश करते. लहान कोब्यात सळई न घालता पॉलिप्रॉपिलिनचे तंतू मिसळावेत.

खाडीची खारी रेती वापरू नये. पाणी गोडे असावे आणि बेताचे असावे. ५० किलोच्या गोणीला रेतीतील ओलाव्यासकट २२ ते २५ लिटर पुरे. स्लॅग सिमेंट मिळाल्यास उत्तम, ते खाराला जास्त दाद देत नाही. साध्या सिमेंटला निदान ७ दिवस आणि स्लॅग सिमेंटला १० दिवस ओले ठेवावे. तोपर्यंत चूल पेटवू नये.

जुन्याची दुरुस्ती

प्रथम लहान हातोडीने कोबा ठोकून पाहावा. जेथे पोकळ आवाज येईल तेथे थर सुटला आहे असे समजावे. विटांवर पांढरा लोणा फुटला असेल तर पाणी आधीच आत गेले आहे. केसासारख्या भेगा गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण सुकवून, लवचीक जलरोधक लेप द्यावा. रुंद भेग छिन्नीने थोडी उघडून पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरावी. पण आतून तांबूस पाणी येत असेल तर सळई गंजली आहे. त्यावर गिलावा करणे म्हणजे ऐब झाकणे. तो कोबा तोडून नवाच घालावा आणि गिऱ्हाइकाला कारण स्पष्ट सांगावे.

निर्धूर चुलींचे जुने सिमेंटचे पाइप बहुतेक ॲस्बेस्टॉसचे आहेत. त्याची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. असा पाइप कोरडा कापू नये, ग्राइंडर तर मुळीच लावू नये. ओला करून अखंड उतरवावा आणि चांगला मास्क वापरावा. कारागिराने मजुरीसाठी आपले फुप्फुस देऊ नये.

खर्चाचा हिशेब

समजण्यासाठी आकडे धरू. जस्ती टोपी ९०० रुपयांना झाली, चढवण्याची मजुरी आणि फुटलेली कौले मिळून ६०० रुपये. ती तीन वर्षे टिकली. बारा वर्षांत चार टोप्या, एकूण ६,००० रुपये. ३१६ ची टोपी ३,००० रुपयांना पडली, मजुरी तीच ६००. बारा वर्षे टिकली तर खर्च ३,६०० रुपये. आपल्या गावचे दर घालून हाच हिशेब कागदावर मांडून दाखवा. गिऱ्हाईक किमतीला नाही म्हणते, हिशेबाला सहसा नाही म्हणत नाही.

कारागिराचाही यात फायदा आहे. वर्षातून दोन फेऱ्यांचे काम ठरवून घ्यावे. पहिली मे महिन्यात, मृग लागण्यापूर्वी : जाळीची काजळी काढणे, स्क्रू आवळणे, भेगा बंद करणे. दुसरी ऑक्टोबरात : गळतीच्या खुणा पाहणे आणि कोब्याच्या ज्या भेगा पावसाने उघड केल्या त्या भरणे. दोन्ही वेळा टोपी खालच्या अंगाने गोड्या पाण्याने धुवावी, आणि उन्हाळ्यात महिन्यातून एकदा घरच्या माणसाने नळी मारली तरी पत्र्याचे आयुष्य वाढते. अशी वीस घरे हाती असतील तर मंदीच्या दिवसांतही चूल पेटती राहते.

शेवटी बिलाविषयी. पत्र्याचा ग्रेड, जस्ताचा जीएसएम, स्क्रूचा प्रकार आणि काम केल्याची तारीख, या चार गोष्टी बिलावर असाव्यात. दोन रेघा लिहायला वेळ लागत नाही. पुढे तक्रार आली तर त्या कारागिराला वाचवतात, आणि तक्रार आली नाही तर तेच बिल दाखवून शेजारचे काम मिळते.